उंटकटाऱ्याची पुडी

आमसरपाडा, ता. नवापूर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय रक्षा,

सप्रेम सलाम.

पत्र बघून हसशील. पण उपकेंद्रात फोनला रेंज नाही, टेकडीवर चढून बोलावं तर निम्मं वाऱ्यातच जातं, आणि तुझा नंबर लावला की तुझ्या महावीरभाऊंचा आवाज येतो, "दुकान, बोला." मग मी आपला फोन ठेवून देते. वसतिगृहात असताना सुट्टीत आपण लिहायचो, तसंच आता लिहिते.

बातमी चांगली नाही. माझी वहिनी रूपली तुला आठवत असेल. नारसिंगच्या लग्नात तिने नवरी असून तुला हाताला धरून नाचायला ओढलं होतं. ती सातव्या महिन्यात होती. मागच्या आठवड्यात एकाएकी तिला कळा सुरू झाल्या आणि थांबेचनात. नारसिंग ऊसतोडीला गुजरातेत. मी उपकेंद्रावर. माझ्या आईने, मरियमने, शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून तिला चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि तिची छाती चिमणीसारखी उडते.

घरी रूपलीच्या उशाखाली मला एक पुडी सापडली. पिवळा कागद, वर उंटाचं चित्र, खाली गोल काटेरी फूल आणि "सुखप्रसूती चूर्ण" अशी अक्षरं. कुणाचं नाव नाही, गाव नाही. बाळंतपण सोपं जातं म्हणून तिने बाजारातून आणली आणि रोज पाण्यातून घेत होती. मला सांगितलं नाही, कारण मी रागावले असते. मी नर्स, दारोदार जाऊन लोकांच्या लेकीसुनांना गोळ्या देते, आणि माझ्याच घरात हे!

डॉक्टर म्हणतात, पुडीनेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण अशा अवेळी इतक्या जोराच्या कळा आलेली आणि ही पुडी घेतलेली ही माझ्या भागातली दुसरी बाई आहे.

ते फूल मी ओळखलं. आपल्या वसतिगृहामागच्या माळावर असायचं. तू ओढणीत घालून आणायचीस आणि हात ओरबाडून घ्यायचीस. त्याला काय म्हणतात? तुमचा धंदा जडीबुटीचा. ही पुडी कोण बांधतं ते मला शोधून दे. बाकीचं मी बघते. त्याला सोडणार नाही.

तुझी
एस्तेर


नंदुरबार
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय एस्तेर,

जय जिनेंद्र.

बाळाचं वाचलं आणि पुढचं अक्षर दिसेना. आईला सांगितलं तर तिने लगेच लोकर काढली. सोबत टोपी पाठवते आहे. मोठी होईल, पण आईला याहून लहान विणता आली नाही.

त्या झाडाला उंटकटारा म्हणतात. वाळवंटाकडचं झाड. माझे आजोबा नथमल पाली जिल्ह्यातून इकडे आले, तेव्हा इथली बोली त्यांना कळेना, पाणी पचेना. एकदा कोरीटच्या वाटेवर माळात हे काटेरी झुडूप फुललेलं दिसलं. म्हणे ते तिथेच बसले आणि त्याच्याशी मारवाडीत बोलले, "तू पण आलास का इथे?" दिवाळीनंतर सगळं गवत वाळून जातं, गुरं मान खाली घालून हिंडतात, तेव्हा याला बहर येतो. पानं वरून काटेरी आणि खालून कापसासारखी पांढरी. तो निळसर गोळा एक फूल नसतो, त्यात शेकडो बारीक फुलं असतात. झेंडू, सूर्यफूल यांच्याच घरातलं. शेळी त्याला तोंड लावत नाही. काठेवाडी गुराख्यांचे उंट मात्र ओठ मागे घेऊन, डोळे मिटून, सावकाश खातात.

आमच्यात बाई अडली की याचं मूळ तिच्या केसांना बांधतात. माझी आई दाखूबाई गल्लीत किती जणींना बांधून आली आहे. मूल झालं की लगेच सोडायचं. त्याने काही होतं का, मला माहीत नाही. बाईला धीर येत असेल. पण पोटात कुणी घेत नसे.

पुडीची मी चौकशी करते. तू एकदम बाजारात भांडायला जाऊ नकोस. मला थोडा वेळ दे.

तुझी
रक्षा


आमसरपाडा
२ डिसेंबर २०२४

रक्षा,

बाजारात गेले. तू जाऊ नको म्हणाली होतीस, तरी गेले.

जडीबुटीवाला दोधू पथारी मांडून बसला होता. कोरीटचा आहे. पुढ्यात पिवळ्या पुड्यांचा ढीग. माल कुणाचा, असं विचारलं. तो अगदी सरळपणे म्हणाला, "नंदुरबारथून येस ताई, महावीरशेठना माल शे. शेठनी बहीण मोठी शिकेल शे, काय इचारनं ते तिले इचारा."

तुला विचारा म्हणे.

तू मला आजोबांची गोष्ट सांगितलीस. उंट कसा खातो ते सांगितलंस. भावाचं सांगितलं नाहीस. थोडा वेळ हवा होता तो कशाला? माल संपवायला?

काल पाड्यावरच्या बायकांनी माळावरचा सगळा उंटकटारा उपटून जाळला. मीही काडी लावली.

टोपी परत पाठवत नाही. बाळाला थंडी वाजते, एवढंच कारण.

एस्तेर


नंदुरबार
१० डिसेंबर २०२४

एस्तेर,

तुझं पहिलं पत्र उघडलं त्याच क्षणी मला कळलं होतं. पुड्या आमच्या माडीवर बांधल्या जातात. आधी भावाला थांबवावं आणि मग तुला तोंड दाखवावं, असं माझ्या मनात होतं. तो थांबला नाही. तोवर तुला दोधू भेटला. आता यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. काय झालं ते मात्र वाच.

मी महावीरभाऊला रूपलीचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हे मी अजूनही म्हणते. तो म्हणाला, "शेकडो बायका घेतात. एकीचं बिनसलं. डॉक्टरने लिहून दिलंय का, चूर्णानेच झालं म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मग पुडीवर आपलं नाव का नाही, भाऊ? हिंगाच्या डबीवर आहे. शिकेकाईवर आहे. यावरच का नाही?"

आई जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "महावीर, माझ्या सासूने मला मूळ दिलं तेव्हा बजावलं होतं, केसांना. पोटात नाही." तो म्हणाला, "आई, आता केसांना कोण बांधून घेतं?" आणि माझ्याकडे वळून, "तू तुझी खिडकी सांभाळ."

खिडकी तुला ठाऊक आहे. दुकानाच्या बाजूला बायकांसाठी वेगळी खिडकी आहे. पुरुषांसमोर मागायला ज्या बायका लाजतात त्या तिथे येतात आणि तिथे मी बसते. म्हटलं, ठीक आहे, खिडकीच सांभाळते.

दुसऱ्याच दिवशी धानोऱ्याची एक बाई आली. "उंटवाली पुडी दे माय, सुनले पाहिजे." मी म्हटलं, देत नाही. घेऊ नका, पोटातल्या जिवाला धोका आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. "दुकान तुन्हं शे, अन् माल नको लेऊ म्हनी ऱ्हायनी तू?" म्हटलं, हो, म्हणूनच सांगते. ती गेली. पुढची आली, तिलाही तेच सांगितलं. संध्याकाळी खिडकीला पुठ्ठा लावला: "गरोदर बाईने उंटकटाऱ्याचं चूर्ण घेऊ नये. कळा आल्या की दवाखाना." भाऊने तो फाडला. मी दुसरा लावला. तोही फाडला. मग मी लाल ऑइलपेंट आणला आणि शटरवरच लिहिलं. त्याने माणूस बोलावून वरून पांढरा मारला. पण रंगाच्या एका हातात लाल झाकलं जात नाही, एस्तेर. आता ती अक्षरं गुलाबी दिसतात आणि लोक मुद्दाम थांबून वाचतात.

माझा फोन त्याने काढून घेतला. दुकानाचा आहे म्हणे. आहेच.

एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. तुम्ही झाडं जाळलीत ते चुकलं. झाडाने स्वतःला पिवळ्या कागदात बांधून कुणाला विकलं नाही.

रक्षा


आमसरपाडा
२१ डिसेंबर २०२४

रक्षा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा जरा कमी रागाने. शटरवर लिहिलंस ते बरं केलंस. पण आमच्या पाड्यावरून कोण नंदुरबारला शटर वाचायला येतं? इथे पुड्या विकल्या जातातच आहेत. मी वर अर्ज केला आहे. उत्तर नाही.

बाळ पेटीतून बाहेर आलं, आता घरी आहे. रूपली तिला दिवसभर उघड्या छातीशी बांधून बसते, दवाखान्यात तसंच शिकवलं. टोपी अजून डोळ्यांवर येते.

आणि ऐक. तुझा भाऊ आमच्या घरी येऊन गेला. मी उपकेंद्रावर होते. बाळाचे कपडे, सुकामेवा, मिठाईचा डबा घेऊन आला. आईला हात जोडले. नारसिंग ऊसतोडीवरून परत आला आहे, त्याला म्हणाला, "झालं ते वाईट झालं, पण गावात नाव खराब करू नका. आपलं येणंजाणं जुनं आहे." नारसिंग बिचारा विरघळला. मोठा शेठ घरात खाली घोंगडीवर बसलेला त्याने कधी पाहिला नव्हता. तो हो म्हणणार, इतक्यात रूपली आतून आली. तिने डबा उचलून महावीरभाऊंच्या मांडीवर ठेवला. आमच्या बोलीत बोलली, मग त्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "पुडीवर नाव लिहायला लाज वाटली, आणि माझ्या दारात नाव सांगत आलात. मी बोलणार. ज्या बायकांच्या पोटात जीव आहे त्या सगळ्यांना सांगणार."

रक्षा, ती बाई ग्रामसभेत पदराआडून सुद्धा बोललेली नाही.

आता मी तुला सांगते. नाताळ होऊ दे. जानेवारीतल्या पहिल्या बाजाराला चिंचपाड्याला ये. शटरच्या आड नको, खिडकीच्या आडही नको. दोधूच्या पथारीसमोर उभी राहा, आणि हा माल माझ्या घरचा आहे, घेऊ नका, असं सगळ्यांसमोर म्हण. मी तुझ्याशेजारी असेन. येशील तर पूर्वीसारखं लिहीन. नाही आलीस तर हे शेवटचं.

एस्तेर


नंदुरबार
६ जानेवारी २०२५

एस्तेर,

मी आले होते. तू नव्हतीस.

पॅसेंजरने उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. बाजारभर तुला शोधलं. भाजीच्या रांगेत, सुक्या मासळीच्या कडेने जीव मुठीत धरून, भांड्यांच्या दुकानांमागे. कुठेच नाहीस. मनात आलं, हिने मला मुद्दाम एकटीला बोलावलं. माझी परीक्षा बघायला, नाहीतर फजिती. परत स्टेशनची वाट धरली. खरंच धरली. मग रस्त्यात एक पोटुशी मुलगी हातात पिवळी पुडी घेऊन चाललेली दिसली आणि मी उलटी फिरले. तू नसलीस म्हणून काय झालं, बोलायचं मला होतं.

दोधूने मला ओळखलं. "या ताई, बठा." मी बसले नाही. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. पहिले शब्द कुणाला ऐकूच गेले नाहीत. मग मी पथारीवरची एक पुडी उचलली आणि फाडून मातीत ओतली. त्याबरोबर सगळे वळले.

"हा माल माझ्या घरचा आहे," मी म्हटलं. "माझा भाऊ बांधतो. पोटातल्या जिवाला याने धोका आहे. घेऊ नका. घेतला असेल तर आज दवाखान्यात जा."

दोधू उठला. "ताई, मन्हा पोटवर पाय नका देवू! शेठ माल देस, मी इकस. मन्हा काय दोष शे?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गर्दीतून कुणी म्हणालं, भावाबहिणीचं भांडण असेल, वाटणीवरून. हसले लोक. एका पोऱ्याने शिट्टी मारली. एक म्हातारी तरातरा पुढे आली. तिच्या टोपलीत जनावरांच्या औषधाला आणलेली उंटकटाऱ्याची वाळकी बोंडं होती, ती तिने माझ्या पायावर टाकली. "हे विष आहे तर माळावर देवाने कशाला लावलं?"

मी बोंड उचललं. काटे बोटात गेले. म्हटलं, "आजी, देवाने ते उंटासाठी लावलं. उंटाचं खाणं आहे. बाईचं नाही."

तेव्हा मागून एक बाई पुढे आली. छातीशी फडक्यात बाळ, त्याच्या डोळ्यांवर आलेली टोपी. मी टोपी आधी ओळखली, रूपलीला नंतर. तिच्यासोबत मरियमकाकू. रूपलीने फडकं बाजूला केलं आणि बाळ दाखवलं. इतकं लहान तोंड, एस्तेर. तू लिहिलं होतंस, तरी मला कल्पना नव्हती. ती आपल्या बोलीत बोलत राहिली. मला चार शब्द कळले. पण बाजारातले तराजू थांबले. ती बोलायची थांबली तेव्हा तीनचार बायकांनी पिशव्यांतून पुड्या काढल्या आणि पथारीवर परत ठेवल्या. म्हातारीने आपली बोंडं वेचून घेतली, माझ्या बोटाकडे पाहिलं आणि हळद लावून दिली.

परत आले तेव्हा बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. खिडकीवर आता भाऊने दुसरी मुलगी बसवली आहे. मला दुकानात यायचं नाही असं सांगितलं.

मरियमकाकूंनाही ठाऊक नव्हतं. तू का आली नाहीस, एवढं सांग.

रक्षा


आमसरपाडा
१२ जानेवारी २०२५

प्रिय रक्षा,

मी आले नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. का ते वाच.

त्या दिवशी बाजाराला निघताना पलीकडच्या पाड्यावरून निरोप आला. पहिलटकरीण, वत्सलाबाईंची सून. पायाळू मूल, आणि दवाखान्याची गाडी नाल्यापलीकडे अडकलेली. तिला खाटेवर घालून आम्ही नाला ओलांडला, दवाखान्यात पोचलो आणि दोघं सुखरूप आहेत. वाटेत मी वत्सलाबाईंना विचारलं, हिला ती पुडी दिली होती का? त्या म्हणाल्या, "द्यायची होती. माझा भाचा बायकोला घेऊन नंदुरबारला गेला होता, तिला आणायला सांगितली. दुकानातल्या बाईने दिलीच नाही म्हणे. स्वतःचाच माल, आणि घेऊ नका म्हणून भांडली." मी म्हटलं, ती माझी मैत्रीण आहे.

म्हणजे तू बाजारात मला शोधत होतीस तेव्हा मी इथे तुझ्याच कामाला लागले होते.

रूपली आता थांबत नाही. पाडोपाडी जाते. बाळ छातीशी, कुणी बसायला सांगो न सांगो. नारसिंग सुरुवातीला रागावला, आता तोच तिला मोटारसायकलवर सोडतो.

झाडांचं तू लिहिलं होतंस. माळाकडे बघते तेव्हा मला आता ते पटतं. जाळायला नको होतं. ते सोपं होतं म्हणून जाळलं.

दुकान गेलं. आता काय करशील? इकडे ये. आईने तुझ्यासाठी खाट टाकून ठेवली आहे.

तुझी
एस्तेर


नंदुरबार
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय एस्तेर,

जय जिनेंद्र.

लगेच आले नाही, कारण घरात एक उपोषण चालू होतं. माझं नाही. आईचं.

बाजारातलं सगळं मी तिला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती स्थानकात साध्वींपुढे गेली आणि सगळ्यांसमोर पच्चक्खाणाचं व्रत घेऊन आली: माडीवरचं ते चूर्ण घरातून जाईपर्यंत फक्त उकळलेलं पाणी. भाऊ हादरला. "आई, हे काय? धर्माच्या गोष्टी धंद्यात का आणतेस?" ती म्हणाली, "जीव गेला की पाप धंद्याला लागतं का धर्माला? मला माहीत नाही. मी जेवणार नाही, एवढं मला माहीत आहे."

आमच्यात कुणी तप करतं तेव्हा सारा समाज साता, म्हणजे खुशाली, विचारायला घरी येतो, हे तुला वसतिगृहापासून ठाऊक आहे. आले सगळे. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. प्रत्येक जण हात जोडून विचारायचा, "दाखूबाई, साता आहे ना?" आणि आई अंथरुणावरून बोट दाखवायची, "ती पोती वर आहेत. ती उतरली की साता." प्रत्येकाला तेच. मोठ्या शेठला, लहान पोराला, शेजारणीच्या सासूला. एकदा तर भाऊच्या सासऱ्यांना. भाऊ पाणी द्यायला पुढे आला की ती निमूट प्यायची आणि पुन्हा वर बोट करायची. तो कुणाला घरात येऊ नका म्हणू शकत नव्हता आणि आईला खा म्हणू शकत नव्हता.

शेवटी एका सकाळी मला वरून पोती घासत येण्याचा आवाज आला. भाऊ स्वतः उतरवत होता, हमाल न बोलावता. घामाने भिजला होता. अंगणात त्याने छापलेले पिवळे कागद पेटवले, चूर्ण खड्ड्यात घातलं आणि वर पाणी ओतलं. मी कोठाराच्या दारात उभी होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "नाही. रूपलीच्या घरी परत जा. या वेळी डबा नको."

तो गेला नाही अजून. जाईल का, माहीत नाही. माझ्याशी बोलतही नाही. आईने मुगाचं पाणी घेऊन पारणं केलं आणि पहिल्यांदा काय बोलली असेल? "मीठ कमी आहे."

दुकानात मी परत गेले नाही. तो बोलावेल या आशेवरही नाही. आता मी ओवा, बाळंतशेप, डिंक, सुंठ घेऊन चिंचपाड्याच्या बाजारात बसते. पहिल्या दिवशी जागा मिळेना. दोधू बघत होता. मग त्याने आपली पथारी सरकवली आणि म्हणाला, "बठा ताई, आठे सावली शे." पुड्यांऐवजी तो आता हरडा-बेहडा मांडतो. माझ्यावरचा त्याचा राग गेलेला नाही, तो मला दर बाजारी सांगतो. पण सावलीत बसवतो.

आणि एस्तेर, हे संपलेलं नाही. परवाच्या बाजारात सीमेपलीकडून, गुजरातेतून एक बाई आली, आठवा महिना असावा, श्वास लागलेला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ती पुडी आहे का? आमच्याकडे आता निळ्या कागदात येते, पण लोक म्हणतात उंटवाली चांगली होती."

निळ्या कागदात. म्हणजे दुसरं कुणीतरी बांधू लागलं आहे. कोण आहे, कुठला आहे, ते शोधून काढते. तूही विचारत राहा.

मी माझं पोतं तिला बसायला दिलं, प्यायला पाणी दिलं. म्हटलं, "आधी दम घे. घाई नाही. मी तुला सगळं सांगते." दोधूने त्याचा रेडिओ बंद केला. आजूबाजूच्या दोघी जणी आपापल्या टोपल्या घेऊन जवळ सरकल्या, आणि मी मोठ्याने, पार मासळीच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी बोलायला लागले.

तुझी
रक्षा